राउटर नीट बसवून मागा

टीव्हीच्या मागे, कपाटावर किंवा दाराच्या चौकटीशी खिळ्याला अडकवलेला इंटरनेटचा डबा आत्ता एकदा बघून घ्या. तो बसवायला आलेला मुलगा त्या दिवशी घरात किती वेळ होता? वायर आत ओढली, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबला, मोबाइलवर काहीतरी टाइप केलं, ‘वायफायला नाव काय देऊ?’ म्हणून विचारलं. नाव म्हणून फ्लॅटचा नंबर पडला, पासवर्ड म्हणून तुमचा मोबाइल नंबर. सगळं मिळून दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत जे बसलं तेच आजही आहे, आणि बहुतेक घरांत डबा बंद पडेपर्यंत तेच राहणार आहे.

हे आवाहन त्या दहा मिनिटांसाठी आहे. ते ग्राहकांना आहे, केबल-फायबरचं कनेक्शन देणाऱ्या स्थानिक ऑपरेटरांना आहे, कॅमेरे बसवणाऱ्यांना, सोसायट्यांच्या कमिट्यांना आणि हे डबे बनवणाऱ्या कंपन्यांनाही आहे. मागणी एकच: डबा बसला की त्याच क्षणी तो सुरक्षित असला पाहिजे. मालक पुढे कधीतरी सेटिंग बदलेल या भरवशावर तो सोडून जाऊ नका. पुढे कोणी काही बदलत नाही.

मोबाइल नंबराच्या पासवर्डचंच बघा. दहा आकडी असल्यामुळे तो भक्कम वाटतो. पण आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून पर्याय ४०० कोटी. फोन वायफायला जोडला जाताना दोघांत जी देवाणघेवाण होते ती शेजारच्या इमारतीत बसून टिपता येते, आणि मग पर्याय लावून पाहण्याचं काम आपल्या घरी निवांत करता येतं. गेम खेळायला मुलं जी महागडी ग्राफिक्स कार्डं घेतात, त्यातल्या अलीकडच्या एखाद्या कार्डाला हे ४०० कोटी पर्याय तपासायला तासभरही लागत नाही. २०२१ मध्ये इस्रायलमधल्या एका संशोधकाने तेल अवीवमध्ये फिरून ५,००० वायफायचे असे नमुने गोळा केले आणि त्यातल्या ७० टक्क्यांहून अधिकांचे पासवर्ड उलगडून दाखवले. तिथेही लोकांनी मोठ्या संख्येने आपला मोबाइल नंबरच ठेवला होता. आपल्याकडे तर एवढ्या कष्टांचीही गरज नाही. नंबर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे, गेटवरच्या वहीत आहे आणि दुकान असेल तर पाटीवर ठळक अक्षरांत रंगवलेला आहे.

राउटरला आणखी एक पासवर्ड असतो, आणि तो असतो हेच पुष्कळांना माहीत नसतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा डब्याच्या तळाशी छापलेला तसाच एखादा पत्ता टाकला की सेटिंगचं पान उघडतं. त्याचं युजरनेम आणि पासवर्ड वर्षानुवर्षं कारखान्यातून ‘अ‍ॅडमिन’ आणि ‘अ‍ॅडमिन’ असेच येत राहिले. तो ज्याच्या हाती लागला, त्याच्या हाती अख्खा डबा. कोणत्या वेबसाइटचं नाव कोणत्या पत्त्यावर न्यायचं हे डीएनएस ठरवतं, आणि ते त्याला बदलता येतं. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमारास मोडेममधल्या एका दोषाचा फायदा घेऊन ४५ लाखांच्या आसपास मोडेमांचं डीएनएस असंच बदललं गेलं. लोक नेहमीच्या साइटचा पत्ता टाइप करायचे आणि भलत्याच पानावर पोचायचे.

पण त्याहून मोठा धडा २०१६ चा. ‘मिराई’ नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधत हिंडू लागला. त्याच्याकडे फार मोठी विद्या नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्यांची एक यादी होती, आणि ती तो दिसेल त्या यंत्रावर लावून पाहत होता. एवढ्यावर लाखो यंत्रं ताब्यात आली. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच यंत्रांच्या फौजेने ‘डिन’ या अमेरिकन कंपनीच्या डीएनएस यंत्रणेवर मारा केला, आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय तासन्‌तास अडखळत राहिले. मिराई लिहिणाऱ्या तीन तरुणांनी पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्या यंत्रांचे मालक मात्र दुकानदार, घरमालक, तुमच्याआमच्यासारखेच होते. त्यांच्यातल्या काहींनी पासवर्ड बदलायचं ठरवलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण काही कॅमेऱ्यांत तो पासवर्ड मालकाला बदलताच येत नसे. कारखान्याने तो आत कोरून ठेवला होता.

२०१६ च्याच नोव्हेंबरअखेर जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट कोलमडलं. कंपनीला लांबून राउटर सांभाळता यावा म्हणून ठेवलेली एक वाट साऱ्या जगाला उघडी होती. जुलै २०१७ मध्ये पाळी आपल्यावर आली. बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांकडचे हजारो मोडेम एका मालवेअरने बंद पाडले, आणि मूळचा पासवर्ड तसाच असलेले मोडेम त्यात सापडले. पासवर्ड बदला, असं आवाहन तेव्हाही झालं होतं. ते किती जणांनी मनावर घेतलं, ते आपल्या घरातल्या डब्यावर पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने जाहीर केलं की शेकडो लहान राउटर रशियन लष्करी गुप्तहेरांच्या कामाला जुंपले गेले होते. कसे? जगजाहीर डीफॉल्ट पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. मिराईनंतर सात वर्षांनीही तीच कथा.

‘माझ्या वायफायमध्ये चोरण्यासारखं आहे काय?’ हा प्रश्न नेहमी येतो. २००८ आठवा. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग निघाला तो नवी मुंबईत सानपाड्याला, तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या वायफायपर्यंत. एटीएस दारात आली, संगणक गेले, चौकशा झाल्या, माणूस जगभरच्या बातम्यांत झळकला. कटाशी त्याचा काही संबंध नव्हता. कोणीतरी त्याच्या उघड्या वायफायवरून मेल पाठवला होता. ऑगस्टमध्ये पुढचा मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला, सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. तिन्ही ठिकाणं लोकलने तासाभरात पालथी घालता येतील अशी. तेव्हा वायफाय ही मोजक्या घरांतली चैन होती. आज किराणा दुकानातही ते आहे.

आणि अगदी अलीकडचं उदाहरण तर सांगतानाही संकोच वाटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीतलं सीसीटीव्ही चित्रण विकायला काढल्याचं उघडकीला आलं. रुग्ण स्त्रियांचं चित्रण. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. तिथल्या यंत्रणेचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन१२३’ होता अशा बातम्या पुढे आल्या. त्या खोलीत कॅमेरा लावलाच का, हा प्रश्न पहिला, आणि तो त्या रुग्णालयाला विचारायचा. दुसरा प्रश्न त्या कॅमेरा-यंत्रणेला: असला पासवर्ड चालवून घेऊन ती सुरू झालीच कशी?

मी ‘जागरूक व्हा, पासवर्ड बदला’ छाप पोस्टरांच्या विरोधात आहे. ती पोस्टरं चुकीचं सांगत नाहीत, पण दोष चुकीच्या दारात टाकतात. प्रेशर कुकर विकताना कोणी गृहिणीला सांगत नाही की सेफ्टी व्हॉल्व्ह बाजारातून आणून घरी बसवा, आणि नाही बसवला तर भोगा. व्हॉल्व्ह बसवूनच कुकर दुकानात येतो. इंटरनेटच्या डब्याबाबत मात्र गेली पंचवीस वर्षं आपण उलटा न्याय सोसतो आहोत. सेटिंगचं पान इंग्रजीत, त्यावर एनएटी, डीएमझेड, यूपीएनपी, टीआर-०६९ असले शब्द, आणि पुस्तिकेत एक ओळ: सुरक्षेसाठी पासवर्ड बदलावा. सत्तर वर्षांच्या आजोबांनी हे करावं? अभियांत्रिकीची पदवी घेतलेली माणसंही करत नाहीत.

दोष त्या बसवायला आलेल्या मुलाचाही नाही. त्याला दिवसात बरीच कनेक्शनं उरकायची असतात. कनेक्शनचं (पीपीपीओई) युजरनेम टाकलं, नेट चालू झालं की त्याचं काम ऑफिसच्या लेखी संपलं. शिवाय त्याला ठाऊक आहे की ग्राहक पासवर्ड विसरणार, रात्री साडेदहाला फोन येणार, आणि ‘तुमचाच मोबाइल नंबर टाका’ एवढं सांगितलं की सुटका. त्याच्या जागी बसून पाहिलं तर मोबाइल नंबर हा अगदी शहाणपणाचा पासवर्ड आहे. काही कंपन्या डब्यावर स्वतंत्र पासवर्डचं स्टिकर लावतात, पण त्यावरची अक्षरं मुंगीएवढी, शून्य आणि ओ सारखेच, एक आणि एल सारखेच. पाहुण्याला तो वाचून दाखवताना दोनदा चुकला की तिसऱ्यांदा त्या मुलाला बोलावून बदलून घेतला जातो. कशात, ते सांगायला नको. जी सुरक्षित सेटिंग वापरायला त्रासदायक असते ती टिकत नाही. म्हणून सोयीचा आणि सुरक्षेचा विचार एकाच माणसाने, एकाच टेबलावर, डबा बनवतानाच केला पाहिजे.

काय करायला हवं, हे गूढ नाही. प्रत्येक डब्याला त्याचा स्वतःचा पासवर्ड असावा, वायफायचा वेगळा आणि सेटिंगच्या पानाचा वेगळा. तो खरोखरच कोणत्याही सूत्राशिवाय निवडलेला असावा. २००८ च्या सुमारास काही युरोपीय राउटरांत स्टिकरवरचा पासवर्ड दिसायला वेगळा होता, पण तो अनुक्रमांकावरून एका ठरावीक सूत्राने काढलेला. सूत्र कळलं आणि वायफायच्या नावावरूनच पासवर्ड काढता येऊ लागला. तसलं वेगळेपण कामाचं नाही. त्यापेक्षा खिडकी-भोपळा-छत्री-उंट असे चार साधे, एकमेकांशी नातं नसलेले शब्द यंत्राने निवडून रोमन लिपीत, ठळक टाइपात छापावेत. सात-आठ हजार शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले चार शब्द शोधायला त्याच ग्राफिक्स कार्डाला काही दशकं लागतील, आणि आजी ते फोनवर न चुकता सांगू शकेल. शेजारी क्यूआर कोड असला की पाहुण्यांना टाइपही करायला नको.

इंटरनेटच्या बाजूने सेटिंगचं पान उघडण्याची सोय मुळात बंद असावी. पासवर्डऐवजी पिन टाकून वायफायला जोडण्याची ‘डब्ल्यूपीएस’ ही जी सोय असते, तिची आठ आकडी पिन तर कायमची निघाली पाहिजे. डिसेंबर २०११ मध्येच दाखवून दिलं गेलं की ती पिन दोन तुकड्यांत तपासली जाते आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून ठरतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी ११,००० प्रयत्नांत ती सापडते. इतकी वर्षं उलटूनही ती चालू ठेवून काही डबे विकले जावेत, हा निव्वळ आळस आहे. नवं सॉफ्टवेअर रात्री आपोआप यावं. पाहुण्यांसाठी आणि कॅमेऱ्यांसाठी वेगळं नेटवर्क पहिल्या दिवसापासून तयार असावं. बटण दाबून डबा रीसेट केला तर तो परत सुरक्षित अवस्थेतच यावा. ही गोष्ट वारंवार विसरली जाते: सगळं नीट लावलेला राउटर एकदा बिघडतो, कोणीतरी मागच्या भोकात पिन खुपसतो, आणि अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन परत हजर. सेटिंगचं पान मराठीत असावं हे लिहिताना मला थोडं हसू येतं, पण का नसावं? एटीएमवर मराठी चालते ना?

जगात हे कागदावर आलं आहे. युरोपच्या ‘एट्सी’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये घरगुती जोडलेल्या उपकरणांसाठी नियमावली काढली, तिची पहिलीच अट सर्वांना एकच असलेला डीफॉल्ट पासवर्ड नको, ही. कॅलिफोर्नियात तसा कायदा १ जानेवारी २०२० पासून आहे. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून असे पासवर्ड बेकायदा ठरवले, आणि मोडणाऱ्या कंपनीला १ कोटी पौंड किंवा जगभरातल्या उलाढालीच्या ४ टक्के, यांतला जो जास्त तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या दूरसंचार विभागाच्या टीईसी या संस्थेनेही २०२१ मध्ये हीच तत्त्वं मार्गदर्शक म्हणून प्रसिद्ध केली. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५ पासून सुरक्षेची तपासणी सक्तीची झाली. वायफायच्या डब्यांच्या सुरक्षा-प्रमाणनासाठी दूरसंचार विभागाचं स्वतंत्र केंद्र बेंगळुरूला आहे. तेव्हा सरकार काहीच करत नाही, असं म्हणणं खोटं होईल. पण तपासणी होते ती प्रयोगशाळेतल्या नव्या डब्याची. सांगलीतल्या किंवा डोंबिवलीतल्या घरात तो कसा बसला, हे कोणी तपासत नाही. प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेल्या डब्यालाही शेवटी मोबाइल नंबरच मिळतो. दूरसंचार विभागाला म्हणूनच विनंती आहे: कनेक्शन देणाऱ्या कंपनीवर जोडणीचेही नियम घाला. ग्राहकाचा मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून टाकणं बंद करा, आणि जोडणीच्या पावतीवर सेटिंगची नोंद सक्तीची करा.

ऑपरेटर मंडळी, तुमच्याकडे तर उद्यापासूनच करण्याजोगं आहे. डबा ऑफिसातून निघण्यापूर्वीच त्याची सेटिंग एकदा नीट करून ठेवा, पासवर्ड छापलेलं कार्ड डब्याबरोबर द्या, मुलाला जागेवर काही टाइप करायला लावूच नका. त्याची पाच मिनिटं वाचतील आणि तुमचे रात्रीचे फोनही. जुन्या ग्राहकांकडे बिलाच्या निमित्ताने माणूस जातोच, तेव्हा डबा तपासून घ्या. ज्या डब्यांना कंपनीकडून नवं सॉफ्टवेअर येणं थांबलं आहे, ते घरातून काढून आणा. परत आलेला जुना डबा पुसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे लावण्याची पद्धतही थांबवा.

आता घरातल्या माणसांनो, आज रात्रीच हे करा. वायफायचा पासवर्ड मोबाइल नंबर, वाढदिवस किंवा गाडीचा नंबर असेल तर बदला. कसा बदलायचा हे येत नसेल तर ऑपरेटरला फोन लावून बदलून मागा. हे त्याचं काम आहे, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. सोबत तीन प्रश्न विचारा: सेटिंगच्या पानाचा पासवर्ड अजून अ‍ॅडमिनच आहे का, बाहेरून ते पान उघडतं का, आणि सॉफ्टवेअर शेवटचं कधी अद्ययावत झालं. उत्तरं लेखी, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या. कॅमेऱ्यांचंही हेच विचारा. मोबाइलवर कॅमेरा दिसावा म्हणून राउटरमध्ये जो पोर्ट उघडून दिलेला असतो, तो सगळ्या जगाला उघडा असू शकतो. परदेशी असलेल्या मुलामुलींनाही सांगणं आहे. आईबाबांचा राउटर तिकडून सांभाळता यावा म्हणून तुम्ही बाहेरून प्रवेश चालू करून ठेवला असेल, तर तो बंद करा आणि व्हिडिओ कॉलवर बाबांना बटणं सांगा. वेळ जास्त जाईल, जाऊ द्या.

एक सावधगिरी. असं आवाहन पसरलं की भामटेही जागे होतात. ‘राउटर अपडेट करायचा आहे, ओटीपी सांगा’ किंवा ‘हे अ‍ॅप टाका’ असा फोन आला तर ठेवून द्या. राउटरची सेटिंग बदलायला तुमच्या बँकेचा ओटीपी कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

सोसायट्यांचं काम मात्र तारखेला बांधलेलं आहे. इमारतीत कोणत्या कंपनीची वायर येऊ द्यायची आणि कॅमेरे कोणाकडून घ्यायचे, हे कमिटी ठरवते, म्हणजे अटी घालण्याची ताकद तिच्याकडे आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी निघते. नोटीस निघण्यापूर्वी सेक्रेटरीकडे एका ओळीचा विषय लेखी द्या: ‘इमारतीत इंटरनेट व सीसीटीव्ही पुरवणाऱ्यांनी प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पासवर्ड, बंद केलेला बाह्य प्रवेश आणि सॉफ्टवेअर किती वर्षं मिळेल त्याची लेखी हमी दिल्याशिवाय करार करू नये किंवा जुन्या कराराचे नूतनीकरण करू नये.’ सूचक म्हणून तुमचं नाव घाला. अनुमोदनाला शेजाऱ्याची सही घ्या.